गोठविलेली पदे आणि मराठीचा अभ्यास : जालना जिल्ह्याच्या निमित्ताने

१

उच्च शिक्षणातील पदभरतीवरील बंदी हा महाराष्ट्रात प्रामुख्याने सेवाशर्तींचा विषय मानला गेला आहे. प्राध्यापक संघटनांची निवेदने, नेट-सेट व पीएच. डी. पात्रताधारकांची उपोषणे, विधिमंडळातील प्रश्न आणि त्यांना मिळणारी ठरावीक उत्तरे एवढ्या परिघातच त्याची चर्चा होत आली. वाङ्मयीन संशोधनाला वाहिलेल्या नियतकालिकांतून तो क्वचितच मांडला जातो. पदे, वेतन, मान्यता या बाबी प्रशासनाच्या आणि संहिता, समीक्षा, भाषाभ्यास या बाबी अभ्यासकांच्या, अशी एक अलिखित वाटणी त्यामागे असावी. ही वाटणी सोयीची असली तरी ती योग्य आहे असे म्हणता येत नाही. कोणतीही ज्ञानशाखा ग्रंथालयातील कपाटांवर उभी नसते. कोणत्या माणसांना, किती काळ आणि किती स्वस्थचित्ताने तिचा अभ्यास करता येतो, यावरच तिचे स्वरूप ठरते. मराठीच्या एखाद्या विभागातील पद दहा-दहा वर्षे रिकामे राहिले, तर त्याचा परिणाम त्या विभागात काय शिकविले जाते, कशावर संशोधन होते आणि कशाचे संशोधन कधीच होणार नाही, या सर्वांवर होतो. म्हणून हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकांचा, त्यांच्या विषयाच्या अंगाने, स्वतःचा प्रश्न आहे.

पदभरती थांबल्याने काही पात्र उमेदवारांचा रोजगार थांबतो, हे उघड आहे. त्याहून कमी उघड असलेली गोष्ट अशी की, एका पिढीने जमविलेले ज्ञान दुसऱ्या पिढीच्या हाती देण्याची व्यवस्थाच त्यामुळे खंडित होते. या विधानाची तपासणी करण्यास जालना जिल्हा उपयुक्त ठरतो. १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेला आणि २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १९ लाख ५९ हजार लोकसंख्या असलेला हा जिल्हा ना विद्यापीठाचे केंद्र आहे, ना वाङ्मयीन राजधानी. येथील महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. मराठीच्या पदवी व पदव्युत्तर शिक्षणाचा फार मोठा भार महाराष्ट्रात अशाच जिल्ह्यांतील अनुदानित महाविद्यालये वाहतात. साहजिकच बंदीचा भारही त्यांच्यावरच अधिक पडतो.

२

बंदीचे स्वरूप प्रथम नेमकेपणाने पाहणे अगत्याचे आहे. मे २०१७ मध्ये शासनाने महाविद्यालयांतील पदांचा सुधारित आकृतिबंध निश्चित होईपर्यंत नव्या नेमणुकांवर निर्बंध घातले. ३ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयान्वये हे निर्बंध अंशतः शिथिल झाले आणि रिक्त पदांच्या ४० टक्के मर्यादेत सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे भरण्यास मान्यता मिळाली. ही प्रक्रिया चालू असतानाच करोनाची साथ आली. ४ मे २०२० रोजी वित्त विभागाने सार्वजनिक आरोग्य व वैद्यकीय शिक्षण हे विभाग वगळता सर्वत्र नवी पदभरती थांबविली. तोवर ३,५८० पैकी १,४९२ पदे भरली गेली होती. उरलेली २,०८८ पदे भरण्याची मुभा १२ नोव्हेंबर २०२१ च्या निर्णयाने मिळाली. त्यानंतरही मंजुरीच्या घोषणा होत राहिल्या.

या तपशिलातून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, ४० टक्क्यांची मर्यादा म्हणजे प्रत्येक पाच रिक्त पदांपैकी तीन पदे रिक्तच ठेवण्याचा धोरणात्मक निर्णय होय. भरतीची घोषणा वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत छापली जाते, परंतु तिच्या पोटात दडलेली न भरण्याची घोषणा कोणी वाचत नाही. दुसरी गोष्ट काळाची. नोव्हेंबर २०२१ मध्ये जी मान्यता मिळाली ती तीन वर्षांपूर्वीच्या मान्यतेतील शिल्लक होती. मधल्या काळात निवृत्त्या थांबलेल्या नव्हत्या. १९८० व १९९० च्या दशकांत, म्हणजे ग्रामीण महाविद्यालयांच्या विस्ताराच्या काळात, नेमली गेलेली अध्यापकांची मोठी पिढी नेमकी याच वर्षांत सेवानिवृत्त होत होती. भरतीची प्रत्येक फेरी अशा रीतीने मागच्या हिशेबाची असते आणि ती पूर्ण होईतो नवी रिक्तता तयार झालेली असते.

वास्तविक सेवानिवृत्ती ही प्रशासनातील सर्वांत निश्चित घटना आहे. अध्यापक ज्या दिवशी रुजू होतो, त्याच दिवशी त्याच्या निवृत्तीची तारीख सेवापुस्तकावरून काढता येते. दुष्काळ किंवा महामारी यांसारखी ती अकल्पित आपत्ती नाही. तरीही ती दर वेळी जणू अचानक कोसळल्यासारखी हाताळली जाते. करोनाकाळातील बंदीमागे आर्थिक अगतिकता होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु २०१७ ची बंदी महामारीच्या आधीची आहे. म्हणून या प्रश्नाचा उगम २०२० मध्ये शोधणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही.

३

पद रिक्त राहिले तरी वेळापत्रक रिकामे राहत नाही. तासिका तत्त्वावरील अध्यापकाकडून ते भरून घेतले जाते. ही व्यवस्था मुळात तात्पुरत्या गरजेसाठी होती. एखादा अध्यापक प्रदीर्घ रजेवर गेला किंवा सत्राच्या मध्येच पद रिकामे झाले, तर विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ नये, एवढाच तिचा हेतू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनीही कंत्राटी नेमणुका अगदी आवश्यक असतील तेव्हाच कराव्यात आणि त्या एकूण अध्यापक पदांच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असू नयेत, असे स्पष्ट केले आहे. ज्या विभागात दोन मंजूर पदे आहेत आणि त्यांपैकी एक रिक्त आहे, तेथे या दहा टक्क्यांचा अर्थ काय लावायचा, हे कोणी सांगत नाही. अशा विभागातील निम्मे अध्यापन तासिकांवर चालते. एखाद्या विभागातील दोन्ही पदे रिक्त असतील, तर तेथे विभाग ही संज्ञा केवळ दारावरील पाटीपुरती उरते.

तासिका तत्त्वावरील अध्यापकाला घेतलेल्या तासाचे मानधन मिळते. सुटीचे, परीक्षेच्या काळाचे, घरी बसून केलेल्या वाचनाचे मिळत नाही. दर वर्षी नव्याने जाहिरात, नव्याने मुलाखत, नव्याने मान्यता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी प्रतितास १,५०० रुपये आणि दरमहा कमाल ५०,००० रुपये अशी मर्यादा सुचविली. राज्यातील दर त्याच्या बराच खाली राहिला. या आर्थिक विषमतेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिचा ज्ञानव्यवहारावर होणारा परिणाम मात्र पुरेसा तपासला गेलेला नाही.

तासाचे मूल्य ठरले की तासाबाहेरचे सर्व काही मूल्यहीन ठरते. साहित्याच्या अध्यापनाचा तर बराचसा भाग तासाबाहेरच घडत असतो. विद्यार्थ्याने दाखविलेली पहिली कविता वाचणे, त्याला ग्रंथालयातील योग्य कपाटापाशी नेऊन सोडणे, त्याच्या गावातील भारुडाची किंवा गोंधळाची परंपरा त्याच्याकडूनच लिहवून घेणे, प्रबंधाचा विषय सुचण्यापूर्वी दोन वर्षे त्याच्याशी बोलत राहणे, यांपैकी कशाचीही नोंद हजेरीपटावर होत नाही. तासिका तत्त्वावरील अध्यापक ही कामे करीत नाहीत असे मुळीच नाही. अनेक जण ती मनापासून करतात. परंतु ती त्यांच्या चांगुलपणावर अवलंबून आहेत, व्यवस्थेवर नाहीत. ज्याला पुढील जूनमध्ये आपण याच महाविद्यालयात असू की नाही हे ठाऊक नाही, त्याने तीन वर्षांचा संशोधन प्रकल्प आखावा ही अपेक्षा अवाजवी होय.

४

जालना जिल्ह्याच्या संदर्भात हे अधिक तीव्रतेने जाणवते, कारण येथील विद्यार्थ्याचे वर्ष आणि विद्यापीठाचे शैक्षणिक वर्ष यांचा मेळ अनेकदा बसत नाही. जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी दिवाळीच्या आगेमागे बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. २०१२-१३ च्या दुष्काळात सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत जालन्याचा समावेश होता, आणि अशा वर्षी स्थलांतराचे प्रमाण स्वाभाविकपणे वाढते. कला शाखेच्या वर्गात बसणारी मुले-मुली मोठ्या प्रमाणावर याच कोरडवाहू शेतीच्या कुटुंबांतून येतात. असा विद्यार्थी मध्येच महिना-दोन महिने दिसेनासा होतो. तो का गेला, कोठे गेला, परत येईल की नाही, आल्यास त्याला कोठून पुढे शिकवावे लागेल, हे जाणणारा माणूस विभागात असावा लागतो. दर वर्षी बदलणाऱ्या अध्यापकाला ही ओळख होईपर्यंत वर्ष संपलेले असते.

दुसरी बाब अभ्यासविषयांची. जालना हा वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने उपेक्षित पण संपन्न प्रदेश आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मग्राम. भोकरदन तालुक्यातील जाळीचा देव हे महानुभाव पंथीयांचे प्रसिद्ध क्षेत्र. स्वतः भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. १९७३ मध्ये नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी तेथे केलेल्या उत्खननाने त्याची प्राचीनता पुढे आणली. १८०३ ची असईची लढाई याच जिल्ह्याच्या भूमीवर झाली. जाफराबाद व भोकरदन हे तालुके विदर्भाच्या सीमेला भिडलेले असल्याने तेथील बोलीत मराठवाडी आणि वऱ्हाडी यांची सरमिसळ ऐकू येते. जालना शहरात दखनी-उर्दूचा शेजार आहे. १९४८ पर्यंतच्या निजामी राजवटीने येथील महसुली आणि व्यवहाराच्या भाषेवर ठेवलेला ठसा अद्याप पुसलेला नाही.

या सामग्रीचा अभ्यास बाहेरून येणाऱ्या संशोधकाने आठ-पंधरा दिवसांच्या मुक्कामात करणे शक्य नाही. महानुभावांच्या पोथ्यांचेच उदाहरण घेता येईल. त्यांतील अनेक पोथ्या सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत आहेत. या लिपीची अक्षरसारणी पुस्तकात छापलेली सापडते. पण पोथी हाती घेऊन ती वाचणे, लेखनिकाच्या सवयी ओळखणे, पाठभेदाचे मूल्य ठरविणे हे जाणकाराशेजारी बसूनच शिकावे लागते. त्याआधी पोथी ज्यांच्या ताब्यात आहे त्या महंतांचा विश्वास संपादन करावा लागतो, आणि हा विश्वास संस्थेच्या पत्राने मिळत नाही; वर्षानुवर्षांच्या येण्या-जाण्याने मिळतो. बोलीच्या अभ्यासाचेही तसेच. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी हाती घेतलेले मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हे मोलाचे काम आहे. तथापि, अशा सर्वेक्षणाने घेतलेल्या नमुन्यांचा स्थानिक पातळीवर पाठपुरावा करणारा, नव्या शब्दांची भर घालणारा, पिढीगणिक होणारा बदल टिपणारा अभ्यासक तालुक्याच्या ठिकाणीच असावा लागतो. तालुक्याच्या ठिकाणी मराठीच्या अभ्यासासाठी वेतन देणारी जागा महाविद्यालयाखेरीज दुसरी नाही.

अशा प्रदेशात पंचवीस-तीस वर्षे काढलेला अध्यापक निवृत्त होतो, तेव्हा त्याच्याबरोबर गावोगावच्या ओळखी, कोणत्या घरी कोणती बाडे आहेत याची माहिती, ओव्या म्हणणाऱ्या वृद्ध स्त्रियांची नावे आणि अर्धवट राहिलेली टिपणे हे सारे निघून जाते. पुढचा अध्यापक त्याच वर्षी आला असता तर यांतील निदान काही भाग त्याच्या हाती पडला असता. सात-आठ वर्षांनी येणाऱ्याला सर्व काही मुळापासून आरंभावे लागते, आणि तोवर ओव्या म्हणणाऱ्या स्त्रियांपैकी किती जणी उरल्या असतील, हा प्रश्न वेगळाच.

५

बंदीचा आणखी एक परिणाम असा की, ती स्वतःच्या समर्थनाचा पुरावा स्वतःच निर्माण करते. महाविद्यालयातील पदाची मान्यता कार्यभारावर अवलंबून असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या निकषांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे लागते. विषयाचे विद्यार्थी आणि अभ्यासपत्रिका कमी झाल्या की कार्यभार घटतो आणि कार्यभार घटला की पद अनावश्यक ठरते. आता दोन मंजूर पदांचा एखादा ग्रामीण मराठी विभाग नजरेसमोर आणावा. एक अध्यापक निवृत्त होतो. उरलेल्या एकाला सर्व वर्गांचे सक्तीचे व ऐच्छिक मराठी सांभाळावे लागते. मग भाषाविज्ञान किंवा मध्ययुगीन वाङ्मय यांसारखी तयारी मागणारी पत्रिका बाजूला पडते. पदव्युत्तर वर्ग असलाच, तर तो जेमतेम चालतो. विद्यार्थ्यांमध्ये येथे मराठी घेऊन काही उपयोग नाही, शिकवायलाच कोणी नाही, असा समज पसरतो. पुढील वर्षी प्रवेश घटतात. मग तपासणी होते आणि विद्यार्थीसंख्येअभावी दुसरे पद भरण्याची आवश्यकता नाही असा निष्कर्ष निघतो. कागदोपत्री हा निष्कर्ष निर्दोष असतो. फक्त विद्यार्थीसंख्या आधी घटली की अध्यापक आधी गेला, हा क्रम त्या कागदावर कोठेच दिसत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेला नवा अभ्यासक्रम लागू झाल्यापासून हा पेच अधिक घट्ट झाला आहे. मुख्य विषय, गौण विषय, कौशल्याधारित पत्रिका, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रीय प्रकल्प आणि चौथ्या वर्षाचे संशोधन अशी त्याची रचना आहे. या रचनेच्या गुणदोषांची चर्चा स्वतंत्रपणे व्हावयास हवी. परंतु पत्रिकांची संख्या वाढत असताना अध्यापकांची संख्या गोठवून ठेवली, तर उत्तम अभ्यासक्रमही वेळापत्रकातील चौकटी भरण्याचे साधन ठरतो. क्षेत्रीय प्रकल्प या नावाखाली तयार वह्या फिरू लागल्या, तर त्याचा दोष केवळ विद्यार्थ्यांच्या माथी मारता येणार नाही.

संशोधनाच्या पातळीवर हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. आयोगाच्या २०२२ च्या पीएच. डी. विनियमांनुसार मार्गदर्शक हा कायम सेवेतील अध्यापकच असावा लागतो. एका वेळी सहायक प्राध्यापकाला चार, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि प्राध्यापकाला आठ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्या अध्यापकाला नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. हा नियम विद्यार्थ्यांच्या हिताचाच आहे. परंतु भरतीवरील बंदीशी तो जोडला गेला की त्याचा परिणाम दुप्पट होतो. संशोधनाच्या दृष्टीने पद निवृत्तीच्या तीन वर्षे आधीच रिक्त होते आणि निवृत्तीनंतर ते कित्येक वर्षे तसेच राहते. उलट, तासिका तत्त्वावर काम करणारा अध्यापक स्वतः पीएच. डी. असला, त्याचे लेखन प्रसिद्ध झालेले असले, तरी त्याला मार्गदर्शक होता येत नाही. मंठा-परतूरकडील संशोधक विद्यार्थ्याला मग छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठ विभागात जागा शोधावी लागते, आणि तेथील जागाही बंदीच्या छायेबाहेर नाहीत. विषय निवडण्याचे स्वातंत्र्य त्यामुळे संकोचते. मार्गदर्शक ज्या विषयात उपलब्ध असेल तो विषय, अशी निवड होऊ लागते. एकाच लेखकाच्या कादंबऱ्यांवर साचेबद्ध प्रबंधांची रांग का लागते, या नेहमीच्या तक्रारीचे एक उत्तर येथेही सापडेल.

६

या भूमिकेवर काही आक्षेप घेता येतील आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप पैशाचा. वेतन आणि निवृत्तिवेतन यांवरील खर्च राज्याच्या तिजोरीवर मोठा ताण आणतो, हे खरे आहे. परंतु जालन्यात उच्च शिक्षणासाठी पैसाच उपलब्ध होत नाही असे चित्र नाही. २०१८ मध्ये मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा संकुल जालन्यातच सुरू झाले, आणि ते स्वागतार्ह आहे. प्रश्न प्राधान्यक्रमाचा आहे. नवी संस्था उभी राहिली की तिचे उद्घाटन होते. जुन्या विभागातील पद वेळेवर भरले तर कोणताही समारंभ होत नाही, म्हणून ते मागे पडते. आर्थिक अडचणीच्या काळात प्रथम नेमणुका थांबविण्याची रीत केवळ महाराष्ट्राची नाही. २००८ च्या मंदीनंतर आणि पुन्हा २०२० मध्ये अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी हाच मार्ग धरला, आणि मानव्यविद्यांचे विभाग अल्पमुदतीच्या अध्यापकांवर अधिकाधिक विसंबू लागले. तथापि तेथे घडले म्हणून येथे ते क्षम्य ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. कायम नेमणूक मिळालेल्या सर्वच अध्यापकांनी विषयाची सेवा केली असे कोण म्हणू शकेल? कित्येकांनी रुजू झाल्यानंतर नवे पुस्तक उघडले नाही. नेमणुकांतील गैरव्यवहारांच्या कथा तर सर्वतोमुखी आहेत. हा आक्षेप प्रामाणिकपणे स्वीकारला पाहिजे. मात्र बंदी हा त्यावरील उपाय होऊ शकत नाही. नेमणुका जितक्या दुर्मीळ, तितके त्यांचे मोल अधिक. आणि मोल जितके अधिक, तितका गैरव्यवहाराला वाव अधिक. दहा वर्षांतून एकदा निघणाऱ्या जागेभोवती जी गर्दी जमते, ती नियमितपणे निघणाऱ्या जागांभोवती जमणार नाही. निवडीची पद्धत पारदर्शक करणे आणि नेमणुकीनंतरच्या कामाचे गांभीर्याने मूल्यमापन करणे हे वेगळे व आवश्यक उपाय आहेत.

तिसरा आक्षेप मराठी संशोधनाच्या इतिहासातूनच पुढे येतो. वि. का. राजवाडे कोणत्या पदावर होते? धुळ्याला रामदासी हस्तलिखितांचा संग्रह उभा करणारे शंकर श्रीकृष्ण देव व्यवसायाने वकील होते. जांबला जन्मलेल्या समर्थांच्या संप्रदायाची पोथ्या-बाडे धुळ्याच्या वाग्देवता मंदिरात जतन झाली ती एका व्यक्तीच्या निष्ठेमुळे, कोणत्याही विभागातील पदामुळे नव्हे. मग ज्ञानासाठी पद कशाला हवे? या आक्षेपाचे उत्तर देताना समाजाच्या इतिहासाकडे पाहावे लागते. पदाविना संशोधन करणाऱ्यांचा त्याग निर्विवाद आहे. परंतु असा त्याग करता येण्यासाठी अक्षरओळख, ग्रंथांची जवळीक आणि समाजातील स्थान ही पूर्वसामग्री लागते, आणि ती मोजक्याच घरांत होती. शेतकऱ्याच्या, शेतमजुराच्या, दलिताच्या मुलाला ज्ञानव्यवहारात येण्याचा दरवाजा उघडला तो प्रामुख्याने वेतन देणाऱ्या पदाने. लीळाचरित्राची १९७८ ची आवृत्ती सिद्ध करणारे वि. भि. कोलते हे जालन्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील नरवेलच्या शेतकरी कुटुंबातले. महाविद्यालयीन अध्यापनाचा आधार नसता, तर महानुभाव वाङ्मयाला वाहिलेले त्यांचे दीर्घ संशोधन कसे उभे राहिले असते, याची कल्पना करणे कठीण आहे. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. या दोन संस्थांतील अध्यापकांनी पुढील काळात जे केले, ते पदाच्या स्थैर्याविना झाले नसते. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक, यू. म. पठाण यांचे महानुभाव व संत साहित्यावरील संशोधन, सुधीर रसाळ यांची काव्यसमीक्षा ही कामे एका-दोन वर्षांची नव्हेत. ती दशकांची आहेत. रसाळांना २०२४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो अशाच दीर्घ व्यासंगाच्या अखेरच्या टप्प्यावर.

या दृष्टीने पाहिले असता पदभरतीवरील बंदीचा सामाजिक अर्थ स्पष्ट होतो. आज मराठीत पीएच. डी. करणाऱ्यांमध्ये मराठवाड्यातील पहिल्या पिढीच्या पदवीधरांचा मोठा वाटा आहे. आरक्षित पदांचा अनुशेष बंदीच्या काळात अधिकच साचतो, कारण जे पद निघतच नाही त्यावरील आरक्षणही कागदावरच राहते. घरचा आधार असलेला उमेदवार तासिकांच्या मानधनावर दहा वर्षे तग धरू शकतो. ज्याच्या घरी तीन एकर कोरडवाहू आहे, किंवा तेवढेही नाही, तो पस्तिशीच्या आत दुसऱ्या कामाला लागतो. पदे गोठली की ज्ञानव्यवहार पुन्हा एकदा ज्यांना परवडतो त्यांच्याकडे सरकू लागतो. गेल्या सत्तर वर्षांत मराठीच्या अभ्यासाची जी कक्षा रुंदावली, ती कोणी उघडपणे निर्णय न घेताच अशी आकुंचित होत जाते.

७

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याआधी २०२० मध्ये राज्यातील शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला, आणि महानुभावांच्या रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठही स्थापन झाले. हे निर्णय आनंदाचे आहेत. परंतु अभिजाततेचा दावा ज्या प्राचीन ग्रंथसंपदेवर उभा आहे, ती वाचू शकणारी माणसे तयार करण्याचे काम शेवटी महाविद्यालयांच्या विभागांतच व्हावयाचे आहे. तेथे अध्यापक नसतील, तर लीळाचरित्र आणि दासबोध यांचा अभिमान उरेल, वाचक उरणार नाहीत.

यासाठी काही किमान गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. निवृत्तीची तारीख आधीच ठाऊक असल्याने पद भरण्याची प्रक्रिया निवृत्तीपूर्वी एक वर्ष सुरू व्हावी आणि शक्य तेथे जाणारा व येणारा अध्यापक निदान एक सत्र एकत्र काम करतील अशी तरतूद असावी. कार्यभाराची तपासणी करताना पद किती वर्षे रिक्त होते, ही बाब विचारात घेतली जावी; रिक्ततेमुळे घटलेली विद्यार्थीसंख्या हे पद रद्द करण्याचे कारण मानले जाऊ नये. पीएच. डी. प्राप्त तासिका अध्यापकांना बहुवर्षीय करार आणि संशोधनासाठी वेगळे मानधन मिळावे.

या मागण्या शासनाकडे करावयाच्या आहेत. परंतु एक काम शासनाच्या मान्यतेविना होण्यासारखे आहे, आणि ते मराठीच्या विभागांनी स्वतःच हाती घ्यावयाचे आहे. प्रत्येक विभागाने आपल्या रिक्त पदांची एक नोंदवही ठेवावी. पद केव्हा रिकामे झाले, त्या काळात कोणत्या अभ्यासपत्रिका बंद पडल्या, कोणते संशोधन अर्धवट राहिले, कोणत्या पोथ्या पाहावयाच्या राहून गेल्या, कोणते विद्यार्थी मध्येच निघून गेले, हे तीत साध्या भाषेत लिहावे. जालना जिल्ह्यातील विभागांनी हे काम एकत्र केले, तर दोन-तीन वर्षांत या विषयावरील पहिला विश्वसनीय दस्तऐवज तयार होईल. अंदाजपत्रकाच्या रकान्यात रिक्त पदापोटी वाचलेली रक्कम न चुकता दाखविली जाते. त्या बदल्यात काय गेले, हे लिहिण्याची जबाबदारी मात्र ज्यांना ते दिसते त्यांच्यावरच येते.